पान परत मिळणार नाही

आई गेली त्या दुपारी नॅन्स कलिगन आमच्या घरी आली. शवापाशी गुडघे टेकून तिने प्रार्थना केली आणि उठता उठता माझ्याकडे स्वतःचं पान मागितलं.

आईला खालच्या बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं. अंगावर तपकिरी झगा, बोटांत जपमाळ. रिवाजाप्रमाणे घड्याळ बंद केलं होतं, आरशावर चादर टाकली होती. स्वयंपाकघरात शेजारणी हॅमच्या चकत्या कापत होत्या आणि आईने चहाची किटली नेमकी कुठे ठेवली यावर हलक्या आवाजात वाद घालत होत्या. नॅन्स आत आली तसा तो वाद थांबला. ती आमच्या गावच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. त्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येकीने कधी ना कधी तिची छडी खाल्ली होती. मीही.

"तुझी आई शांत दिसते," ती म्हणाली.

"हो."

"जिवंतपणी कधी दिसली नाही."

"नाही."

"डिंफ्ना, ती वही कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे."

"तिच्यात माझं एक पान आहे. ते मला परत हवंय."

मी म्हटलं, "चहा घेणार का, मिस कलिगन?"

"चहा घेईन. पानही घेईन."

चाळीसहून अधिक वर्षं या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. गाव एक, चर्च एक, लोकर घ्यायचं दुकान एक. रविवारी प्रार्थनेला आई डावीकडच्या बाकांवर बसायची आणि नॅन्स उजवीकडच्या.

आयर्लंडचा इंग्रजांशी करार झाला आणि त्यावरून आमच्याच माणसांत दोन तट पडून युद्ध पेटलं, त्या वेळची ही गोष्ट. करार मानणारे सरकारात गेले, न मानणारे तुरुंगात. आई तेव्हा डीलिया कॉन्सिडिन होती, लग्न व्हायचं होतं. सायकलवरून निरोप आणि कधीमधी पिस्तुलं पोचवायची. तिला पकडून आधी लिमरिकच्या तुरुंगात ठेवलं, मग डब्लिनला हलवलं. तिथे गरिबांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीला तारेचं कुंपण घालून बायकांची छावणी केली होती. नॅन्स, आई आणि किटी टब्रिडी एकाच दालनात होत्या.

छावणीत प्रत्येकीजवळ स्वाक्षऱ्यांची वही असायची. घरून येणाऱ्या पार्सलात साबण, लोणी, मनुकांचा केक यांच्याबरोबर ती यायची. गुलाबी, निळ्या, पिवळसर पानांची. मग ती खाटेवरून खाटेवर फिरायची. घाई नव्हती, कुणाला कुठे जायचं होतं? जिच्याकडे वही आली ती दोन दिवस विचार करायची आणि मगच लिहायची. कुणी तुटलेली साखळी काढायची, कुणी वीणा. एकीने तारेवर बसलेला कावळा काढला होता, आणि त्याच्या डोळ्यांवर तिथल्या मुख्य पहारेकरणीचा चष्मा होता. पहारेकरी गणतीला आले की या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, नावं सांगायच्या नाहीत. तेच नाव मैत्रिणीच्या वहीत मात्र आयरिश लिपीत, महिरप काढून, रंगीत पेन्सिलीने.

सरकारचा एक छापील कागद होता. मी या सरकारविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, उचलणाऱ्याला मदत करणार नाही. खाली सही. सही केली की दार उघडायचं. जी सही करायची तिच्यासाठी बायकांनी आपसात नियम केला होता. तिचं पान सगळ्यांच्या वह्यांतून कापायचं आणि तिच्या वहीतून आपापली पानं परत घ्यायची. ती बाहेर पडायची तेव्हा हातात नुसते पुठ्ठे उरलेले असायचे.

शरद ऋतूत सुटकेसाठी कैद्यांचं उपोषण सुरू झालं. त्याच्या थोडे दिवस आधी आईने सही केली.

का केली याची कारणं इतरांनी पुष्कळ सांगितली. आजोबांचं दुखणं, शेतावर माणूस नाही, कोवळं वय. आई ती सगळी कारणं झटकून टाकायची. कणीक मळता मळता सांगायची, "युद्ध मे महिन्यातच हरलो होतो. बंदुका पुरून झाल्या होत्या. मला घरी जायचं होतं, बस. आणि सही म्हणजे काय गं? ज्याला मी सरकारच मानत नाही त्याच्या कागदावर माझी सही म्हणजे कोंबडीचा चिखलात उमटलेला पाय. रोज दहा करून दिल्या असत्या."

"मग नॅन्सला हे का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. ती म्हणाली, कोंबडीलासुद्धा आपला पाय कुठे पडतो ते कळतं."

निघायच्या दिवशी नॅन्स दालनाच्या दाराशी कात्री घेऊन उभी होती. बाकीच्या तिच्या मागे. आईने वही आधीच कपड्यांच्या आत पोटाशी धरून नाडीने आवळून टाकली होती.

"ती म्हणाली, डीलिया, वही. मी म्हटलं, ये, सोड माझी नाडी, सगळ्यांसमोर. नॅन्स कलिगन लाजली. आयुष्यात एकदाच लाजली असेल, आणि ते मी पाहिलं. मग मी म्हटलं, बायांनो, कात्री तुमची, वह्या तुमच्या. मला खुशाल कापा. पण माझ्या वहीत तुम्ही राहणार. तिथून तुम्हाला कुणी काढणार नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही."

त्यांनी तिच्यादेखत तिची पानं कापली आणि शेगडीत टाकली. आई म्हणायची, थंडी बरीच होती, मी जरा हात शेकले आणि निघाले.

वही मी लहानपणापासून वाचत आले होते. अक्षरओळख झाली ती तिच्यातल्या वळणदार नावांवरून, म्हटलं तरी चालेल. नॅन्सचं पान निळं आहे. कडेने ओकच्या पानांची वेल, आणि मध्ये हिरव्या पेन्सिलीने, शाळेच्या फळ्यावर पुढे आम्ही पाहिलेल्याच गोल अक्षरात: 'मला बहीण नव्हती. आता आहे. नॅन्स.'

हे पान तिला परत हवं होतं.

आणि मला काय हवं होतं ते नॅन्सला ठाऊक होतं. इंग्रजांविरुद्धचा सोळा सालचा उठाव ईस्टरला झाला, म्हणून दर ईस्टरला आमच्या दफनभूमीत जुन्या कैद्यांच्या संघटनेची माणसं जमतात. पुष्पचक्र ठेवतात, आणि आपल्यातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून वाचतात. प्रत्येक नावानंतर लोक म्हणतात, देव त्याला शांती देवो, देव तिला शांती देवो. आईला तिथे कुणी बोलावत नसे. ती बाहेर रस्त्यावर उभी राहायची, जिथे भिंत थोडी उतरती आहे तिथे, माझा हात धरून. पाऊस असो, वारा असो. आतून नाव आलं की तीही ओठांतल्या ओठांत शांती मागायची. एका वर्षी मी विचारलं, "तुझं नाव कधी वाचणार?"

"मेल्याशिवाय कसं वाचतील, वेडे? आणि तेव्हा मला ऐकू येणार नाही. तू ऐक."

तेवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. पण तिने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलंही नव्हतं.

नॅन्स चहा घ्यायला स्वयंपाकघरात आली. चुलीशेजारी पॅकीमामा बसला होता. आईचा धाकटा भाऊ, अविवाहित, सगळा जन्म आमच्याच घरात काढलेला. त्याने तोंडातला पाइप काढला.

"अहो मास्तरीणबाई! आमच्या घरात तुम्ही! घड्याळ बंद केलंय म्हणून, नाहीतर वेळ लिहून ठेवली असती."

"पॅकी, मेलेल्या माणसाच्या घरात तरी तोंड आवर."

"मेलेलं माणूस माझ्या ओळखीचं आहे. ते हसत असेल."

किटी टब्रिडी खिडकीशी रडत बसली होती. बाजारातलं लोकरीचं दुकान तिचं. त्या दिवशी इतरांबरोबर तिनेही आईचं पान कापलं होतं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ती मागच्या दाराने आमच्याकडे यायची, कधी उरलेली लोकर घेऊन, कधी नुसतीच. तिने डोळे पुसले आणि नॅन्ससाठी खुर्ची ओढली.

"किटीमावशी," मी म्हटलं, "यांना त्यांचं पान हवंय."

"आज नको ना गं, नॅन्स. आज तरी नको."

"मग कधी? ही पोर वही कुठल्यातरी संग्रहालयाला देईल. काचेखाली ठेवतील. लोक वाचतील, नॅन्स कलिगनने कुणाला बहीण म्हटलं होतं." नॅन्सने कप बशीत ठेवला. "डिंफ्ना, तू पुस्तकांत वाढलेली, एनिसच्या ग्रंथालयात नोकरी करतेस. तुला वाटत असेल ही म्हातारी एका कागदासाठी काय धरून बसली आहे. मी त्या उपोषणात शेवटपर्यंत होते. माझी आतडी तेव्हा गेली ती गेलीच. आजही दुधात भिजवलेला पाव खाते. मी पाण्यावर पडून होते तेव्हा तुझी आई घरी बटाटे खात होती."

"डुकराचं खारं मांसही," मामा म्हणाला. "मीच ताटात वाढलं होतं. आणि पहिल्याच घासाला ती रडली, तेही सांगून टाकतो."

एक शेजारीण उगाच पाव कापत राहिली.

मग किटी म्हणाली, "तिला तेव्हा बरं नव्हतं, नाही का गं, नॅन्स? त्या दिवसांत दालनात तापाची साथ होती. डीलियालाही असेल. तापात माणूस कशावर सही करतं, त्याला काय कळतं?"

"ताप!" मामा म्हणाला. "डीलियाला जन्मात कधी ताप आला नाही. तिच्यामुळे दुसऱ्यांना यायचा."

पण नॅन्स किटीकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला. मी तिला शाळेत बरीच वर्षं पाहिलं होतं, असा चेहरा पाहिला नव्हता. एखाद्या बंद खोलीचं दार आपण सहज ढकलावं आणि ते उघडंच असावं, तसा.

"ताप असेल तर गोष्ट वेगळी," ती हळूच म्हणाली. "ताप असेल तर ती सही तिची नाही. संघटनेच्या समितीपुढे तसं मांडता येईल. हे पन्नासावं वर्ष आहे उठावाचं, ईस्टरला सगळा तालुका जमेल. नाव वाचता येईल. मुलीने तेवढं लिहून दिलं की झालं."

"आणि पान?" मी विचारलं.

"मग पान तुझ्याकडेच राहू दे. ती आजारी असेल तर... तर पान आहे तिथे ठीक आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती इतकी वर्षं या तापाच्या शोधात होती. आईला माफ करायला तिला फक्त एक थर्मामीटर हवा होता.

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. तिने चहा संपवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आईला बाबांशेजारी पुरलं. संघटनेतर्फे कुणी आलं नाही. किटी आली, ती स्वतःपुरती.

त्यानंतरचे दिवस मी गावातच राहिले. कोंबड्या माझ्या हाकेला येत नव्हत्या. मी दाणे घेऊन अंगणात उभी राहायचे आणि त्या शेडखाली बसून माझ्याकडे पाहायच्या. एका सकाळी मामाने आईचा आवाज काढून हाक मारली. सगळ्या धावत आल्या.

मार्चमध्ये किटीने तो कागद आणून दिला. टंकलिखित होता, समितीचा शिक्का होता. माझी दिवंगत आई डीलिया कॉन्सिडिन हिने छावणीतून सुटताना सही केली त्या वेळी ती तापाने आजारी होती व आपण काय करतो आहोत याचं तिला भान नव्हतं, असं मी तिची मुलगी या नात्याने सांगते. खाली ठिपक्यांची रेघ.

"नॅन्सने स्वतः टंकलाय गं," किटी म्हणाली. "दोन बोटांनी. दोन दिवस लागले तिला. समितीत दोघी-तिघी नाही म्हणत होत्या, त्यांना तिने गप्प केलं. तू सही कर राणी, आणि संपवून टाक. डीलिया आत येईल. एवढी वर्षं बाहेर उभी राहिली ती."

"किटीमावशी, तिला ताप होता का?"

किटीने हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. "मला आठवत नाही."

"आठवतं."

"माझ्या खाटेशेजारीच होती ती," किटी म्हणाली. "सही केली त्या रात्री मस्त झोपली. घोरत होती." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

ती गेल्यावर मामाने तो कागद चुलीच्या उजेडात धरून वाचला.

"कर सही," तो म्हणाला.

"मामा!"

"का? तुझ्या आईने केली असती. कागद म्हटला की ती सही ठोकायची. दूधसंघाचा असो, सरकारचा असो. नाव वाचून घे त्यांच्याकडून, आणि मग घरी येऊन हसू आपण पोटभर."

मला मोह झाला. तो किती झाला ते लिहिणं कठीण आहे. मी पुष्कळ वाचलंय. एका शब्दासाठी राज्य सोडणारी, फासावर जाणारी माणसं मला पानोपानी भेटली आहेत, आणि ती वाचताना मी नेहमी त्यांच्या बाजूने असते. पण इथे राज्य नव्हतं, फास नव्हता. एक म्हातारी बाई दोन बोटांनी टंकून मला आईचं नाव द्यायला आली होती. आईला जवळ करायला तिच्याकडे दुसरी वाट नव्हती. आणि मामाचं खरंच होतं, आईने कागदांची पर्वा कधी केली नाही.

पेन हातात घेऊन मी टेबलापाशी बसले. वही तिथेच होती, ती उघडली. एवढ्या बायकांनी एवढी महिरप काढून लिहिलं होतं. आईने त्यातला प्रत्येक शब्द खरा धरला होता, लिहिणाऱ्यांनी तो मागे घेतल्यावरसुद्धा. शत्रूच्या कागदावर ती काहीही लिहून देऊ शकत होती, कारण मैत्रिणींच्या कागदावर लिहिलेलं तिच्या लेखी पक्कं होतं. हा कागद शत्रूचा नव्हता. म्हणूनच त्यावर खोटी सही चालणार नव्हती.

मी पेनाला टोपण लावलं.

नॅन्सचं घर शाळेला लागून आहे. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात झारी होती. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. ठिपक्यांची रेघ मोकळी होती.

"एकच तर शब्द आहे, डिंफ्ना."

"खोटा आहे."

"तिने खोटी सही केलीच होती ना?"

"सरकारला. तुम्हाला नाही."

तिने झारी खाली ठेवली. पाणी थोडं बुटांवर सांडलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "मी त्या दोघी-तिघींशी भांडले तुझ्या आईसाठी. कळतंय का तुला? या वयात."

"कळतंय. आईसाठी नाही भांडलात. तापात पडलेल्या कुणा दुसऱ्या मुलीसाठी भांडलात. तिला मी ओळखत नाही."

"फाजील बोलतेस."

"हो."

"मग नाव वाचलं जाणार नाही."

"ठीक आहे."

"आणि माझं पान मला दे."

"पान परत मिळणार नाही, मिस कलिगन."

"तू तिथे येऊ नकोस ईस्टरला. तमाशा नको मला."

"दफनभूमी संघटनेची नाही. माझे आईवडील तिथे आहेत. मी त्यांना भेटायला येईन, आणि भिंतीच्या आत उभी राहीन."

तिने दार लावलं. जोरात नाही; शाळेचं दार लावावं तसं, नीट.

ईस्टरच्या रविवारी ऊन होतं आणि वाराही. कोटांवर उठावाच्या स्मरणाची कागदी लिलीची फुलं टाचून माणसं आली होती, बॅगपाइप वाजवणारी पोरं आली होती, नवे धर्मगुरू आले होते. शेजारच्या खेड्यांतूनही लोक आले होते. इतके, की मागचे थडग्यांच्या कठड्यांवर उभे होते. मी आणि मामा आईच्या कबरीपाशी उभे राहिलो. तिथली माती अजून बसली नव्हती. स्मारकाचा दगड तिथून थोड्याच अंतरावर आहे. नॅन्सने मला पाहिलं.

पुष्पचक्र ठेवलं गेलं. मग तिने चष्मा लावला आणि नावं वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज अजूनही वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो. पुरुषांची नावं आधी, मग बायकांची. प्रत्येक नावाला गर्दी शांती मागत होती. मीही मागत होते. त्यातली बरीच नावं माझ्या ओळखीची होती. कावळा काढणारी त्यात होती. वीणा काढणारीही होती.

शेवटचं नाव झालं. नॅन्सने कागदाची घडी घातली. धर्मगुरूंनी जपमाळ काढली आणि लोक गुडघे टेकायला वाकू लागले.

मी म्हटलं, "डीलिया कॉन्सिडिन. लिमरिकचा तुरुंग, डब्लिनची छावणी. सरकारच्या कागदावर सही करून बाहेर आली. तेव्हा तिला ताप नव्हता."

वाकलेली माणसं तशीच थांबली. माझा आवाज मला वाटला होता त्याहून बारीक निघाला होता. कुणीतरी खाकरलं. पुढच्या ओळीतल्या एका बाईने, समितीतलीच असणार, शेजारणीच्या कानाशी "लाज नाही" असं म्हटलं, पण ऐकू जाईल इतपत. धर्मगुरू एकदा माझ्याकडे आणि एकदा नॅन्सकडे पाहत होते. जपमाळ त्यांच्या हातात अर्धी लोंबत होती.

"देव तिला शांती देवो," किटी म्हणाली. एकटीच. तिने क्रूसाची खूण केली आणि मान वर ठेवली.

"शांती देवो," मामा म्हणाला, गुरांना हाकारावं तशा आवाजात.

बाकी कुणी नाही. सगळे नॅन्सची वाट पाहत होते. ती माझ्याकडे वळली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद तिच्या मुठीत होता. मी तिची नजर सोडली नाही. मला वाटलं, आता ती मला बाहेर जा म्हणेल, आणि मी जाणार नाही, आणि मग काय होईल ते होईल.

"मागच्या लोकांना ऐकू आलं नाही," नॅन्स म्हणाली.

ती मला गप्प करत होती की पुन्हा उभं करत होती, ते तिच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं. शाळेतही कधी सांगता यायचं नाही.

"पोरी," मामा कुजबुजला, "छाती भरून."

मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली, मोठ्याने, आणि तापाचं वाक्यही गाळलं नाही.